दोन मेंढपाळ आणि एक सुभेदार

कलकत्त्याच्या दक्षिणेस टॉलीगंज येथील एका बंगल्यात 9 एप्रिल 1859 रोजी एका चिनी राजबंद्याचे निधन झाले. त्याचे नाव ये मिंगछन; ये हे कुलनाम आणि मिंगछन हे व्यक्तिनाम. पकडला जाईपर्यंत तो छिंग साम्राज्याच्या ग्वांगतुंग आणि ग्वांगशी या दोन दक्षिणी प्रांतांचा सुभेदार होता, आणि परकीयांशी होणारा व्यवहार बादशहाच्या वतीने पाहणारा खास प्रतिनिधीही होता. त्याच्या मृत्यूविषयी चिनी वृत्तांतांत असे सांगितले जाते की, मायदेशाहून सोबत आणलेला शिधा संपल्यावर त्याने परक्यांच्या अन्नाला हात लावण्याचे नाकारले आणि उपाशी राहून देह ठेवला. भारतीय परंपरेत अशा मरणाला प्रायोपवेशन म्हणतात. खाल्ल्या मिठाला जागणे हा ज्या समाजात सेवकाचा सर्वोच्च गुण मानला जातो, त्या समाजाला हे मरण उदात्त वाटावे यात नवल नाही.

परंतु याच माणसाच्या कारकिर्दीत, या मरणाच्या चार वर्षे आधी, कॅन्टन शहराच्या वधस्थानावर काही महिन्यांत हजारो माणसांची डोकी उडवली गेली होती आणि त्यांतील पुष्कळ माणसे निरपराध होती. हे दोन्ही प्रसंग एकाच आयुष्यातले आहेत. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, स्वतःच्या मरणाने सिद्ध झालेले इमान दुसऱ्यांच्या मरणाचा हिशेब चुकता करू शकते काय? आणि त्याच्याही मागे आणखी एक प्रश्न दडलेला आहे : राज्याच्या सेवकाने जे मीठ खाल्लेले असते, ते नेमके कोणाचे?

मिंगछनचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हुपेइ प्रांतातील हानयांग येथे, औषधांच्या व्यापारात नाव कमावलेल्या घराण्यात झाला. 1835 मध्ये, तिशी गाठण्यापूर्वीच, तो साम्राज्याची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला. या परीक्षेसाठी कन्फ्यूशियस आणि मेन्शियस यांचे ग्रंथ मुखोद्गत करावे लागत आणि त्यांच्या वचनांवर ठरावीक बांधणीचे निबंध लिहावे लागत. जो हे ग्रंथ जाणतो तो प्रांतही सांभाळू शकतो, अशी त्या राज्यव्यवस्थेची श्रद्धा होती. निरनिराळ्या प्रांतांत महसुलाची आणि न्यायाची कामे करीत मिंगछन 1848 मध्ये ग्वांगतुंगचा प्रांतपाल झाला. तेव्हा तो चाळिशीच्या आसपास होता. अडीच कोटींहून अधिक वस्तीचा हा प्रांत साम्राज्याच्या दृष्टीने श्रीमंत होता आणि तितकाच अवघडही. कारण पहिले अफूयुद्ध याच किनाऱ्यावर सुरू झाले होते.

त्याच्या कारकिर्दीला पहिले तेज चढले ते 1849 मध्ये. कॅन्टनच्या तटबंदीच्या आत प्रवेश मिळावा, अशी इंग्रजांची मागणी होती आणि तसे आश्वासन त्यांना दोन वर्षांपूर्वी मिळाले होते. सुभेदार शू ग्वांगचिन आणि प्रांतपाल मिंगछन यांनी नागरिकांच्या सशस्त्र पथकांचे बळ पाठीशी उभे करून ही मागणी फेटाळली. इंग्रजांनी तूर्त माघार घेतली. पेकिंगच्या दरबारात आनंद झाला. शू ग्वांगचिनला आणि मिंगछनला सरदारकीचे किताब मिळाले. या प्रसंगातून तरुण प्रांतपालाने एक धडा घेतला असावा : न हलता उभे राहिले की संकट आपोआप ओसरते. पुढे आठ वर्षांनी हाच धडा त्याच्यावर उलटला.

यशाची दुसरी बाजूही त्याने जवळून पाहिली. 1851 मध्ये ग्वांगशीमधून तायपिंग बंडाचा वणवा पेटला. तो आवरण्यासाठी शू ग्वांगचिनला उत्तरेकडे पाठवण्यात आले. ते त्याला साधले नाही. बादशहाने त्याला पदच्युत करून मृत्युदंड ठोठावला. ती शिक्षा पुढे माफ झाली, पण दरबाराचा इशारा सर्व सुभ्यांपर्यंत पोहोचला. छिंग राज्याच्या कायद्याप्रमाणे शहर गमावणाऱ्या अधिकाऱ्याला क्षमा नव्हती. जानेवारी 1853 मध्ये वूछांग आणि मार्चमध्ये नानकिंग बंडखोरांच्या हाती पडले; दोन्ही ठिकाणचे सर्वोच्च अधिकारी शहराबरोबरच संपले. वूछांगच्या समोर, नदीच्या दुसऱ्या काठावर असलेले हानयांग, म्हणजे मिंगछनचे जन्मगाव, त्याच मोहिमेत उद्ध्वस्त झाले. शू ग्वांगचिनच्या जागी तो स्वतः आता दोन्ही प्रांतांचा सुभेदार झाला होता. पुरस्कार कशासाठी मिळतो आणि मुंडके कशासाठी जाते, हे दोन्ही त्याला ठाऊक होते. या दोन्हींत एक गोष्ट समान होती : शहर राखले की नाही एवढेच विचारले जाई, शहरातील आणि शहराबाहेरील माणसांचे काय झाले, हा प्रश्न त्या ताळेबंदात येत नसे.

1854 च्या जूनमध्ये ग्वांगतुंगमध्ये तांबड्या फेट्यांचे बंड उसळले. तायपिंगांशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी कर वाढले होते; परदेशी व्यापाराचा ओघ शांघायकडे वळल्याने कॅन्टनच्या मार्गावरचे हमाल आणि नावाडी बेकार झाले होते; ‘स्वर्ग आणि पृथ्वी’ या नावाच्या गुप्त मंडळीच्या शाखा गावोगाव पसरल्या होत्या. प्रथम तुंगक्वान आणि जुलैच्या आरंभी फोशान ही कारागिरांची संपन्न नगरी बंडखोरांच्या ताब्यात गेली. फोशानमध्ये बंडाचा एक पुढारी ली वनमाव हा संगीत नाटकातला नट होता. त्याचे सहकारी रंगभूमीवरचे पोशाख अंगावर चढवून लढाईला उभे राहिले. या वेषांतराकडे गंमत म्हणून पाहता येईल. परंतु ज्यांना खऱ्या आयुष्यात सेनापती होण्याची शक्यता नव्हती, त्यांनी सेनापतीचे कपडे मिळतील तेथून घेतले, एवढाच त्याचा अर्थ. याची किंमत पुढे सबंध कलेने मोजली. फोशानमधील नटमंडळींचे सभागृह जमीनदोस्त करण्यात आले आणि कॅन्टनच्या संगीत नाटकावर बंदी आली.

त्या उन्हाळ्यात कॅन्टनला वेढा पडला. मिंगछनने शहर सोडले नाही. डिसेंबरमध्ये नदीवरील बंडखोरांच्या नौका पांगवण्यासाठी त्याने हाँगकाँगच्या इंग्रज गव्हर्नराकडे मदत मागितली, यावरून परिस्थिती किती बिकट होती याची कल्पना येते. परकीयांविषयी त्याच्या मनात किती तिरस्कार होता, हे सर्वांना माहीत होते. बाउरिंगने तटस्थतेचे कारण पुढे करून नकार दिला. तरीही शहर टिकले. बंडखोरांच्या टोळ्यांत एकी नव्हती. गावोगावच्या प्रतिष्ठितांनी उभारलेली पथके सरकारच्या बाजूने लढली. आणि सुभेदाराने रसद आणि पैसा यांची व्यवस्था चिकाटीने केली. 1855 च्या आरंभी वेढा मोडला. बंडखोरांचा मोठा भाग पश्चिमेला ग्वांगशीकडे सरकला आणि तेथे त्यांनी काही वर्षे स्वतःचे राज्यही चालवले. साम्राज्याच्या दक्षिण टोकाला जवळजवळ एकट्याने, केंद्राची मदत नसताना, उलट केंद्रालाच पैसा पुरवत असताना, हे शहर राखणे ही सामान्य कामगिरी नव्हती. मिंगछनविषयी लिहिताना हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

नैतिक प्रश्न या टप्प्यानंतर सुरू होतो. वेढा उठला आणि मग वधस्थान गजबजले. 1855 च्या उन्हाळ्यात युंग विंग हा तरुण कॅन्टनमध्ये राहत होता. येल विद्यापीठाचा तो पहिला चिनी पदवीधर. आठ वर्षांनी मायदेशी परतला होता आणि विसरत चाललेली मातृभाषा पुन्हा शिकत होता. त्याचे बिऱ्हाड वधस्थानापासून अर्ध्या मैलावर होते. एक दिवस तो ते पाहण्यास गेला. तेथे जे दिसले त्याने तो इतका हादरला की, बंडखोरांना जाऊन मिळावे असा विचार त्याच्या मनात आला. अर्धशतकानंतर लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने त्या उन्हाळ्यातील बळींचा आकडा 75,000 असा दिला आहे, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक बंडात सामीलच नव्हते, असे आपल्याला सांगण्यात आल्याचे नोंदवले आहे. हानयांगच्या विध्वंसाचा सूड सुभेदार दक्षिणेतील लोकांवर उगवत होता, असेही त्याने लिहिले आहे. आकडा कमी-अधिक असू शकेल, हेतूविषयीचा तर्कही वादाचा ठरेल. पण माणसे मोठ्या संख्येने आणि फारशा चौकशीवाचून मारली गेली, याबद्दल वाद नाही.

हे कसे शक्य झाले, हे समजून घेण्यासाठी छिंग न्यायव्यवस्थेकडे पाहावे लागते. ती क्रूर होती. पण बेफिकीर नव्हती. शांततेच्या काळात मृत्युदंडाचे प्रकरण तालुक्यापासून प्रांतापर्यंत आणि प्रांतापासून राजधानीपर्यंत पायरी-पायरीने तपासले जाई. बहुतेक दंडितांची नावे शरद ऋतूत बादशहापुढे ठेवली जात आणि त्याने खूण केल्याखेरीज मान उडवली जात नसे. एका सामान्य शेतकऱ्याचा जीव घेण्यापूर्वी साम्राज्याच्या स्वामीला क्षणभर तरी थांबावे लागे, ही त्या व्यवस्थेतली लक्षणीय गोष्ट होती. तायपिंग बंडाच्या काळात ही अट शिथिल झाली. 1853 पासून बंडखोरांना जागच्या जागी देहदंड देण्याची मुभा प्रांतांना मिळाली. पूर्वी जे ओझे अनेक हातांत वाटले जाई ते आता एका हातावर आले. अपिलाच्या साऱ्या पायऱ्या गळून पडल्या आणि शेवटचे न्यायालय म्हणून फक्त सुभेदाराचे मन उरले.

या मनापुढे येणारी प्रकरणे खालून तयार होऊन येत. कुळांच्या वडीलधाऱ्यांनी आणि गावच्या प्रतिष्ठितांनी आपापल्यातील बंडखोर शोधून हजर करावेत, असा हुकूम होता. जमिनीचा तंटा, पाण्याचे भांडण, जुने वैर, सारे या मार्गाने फेडता येत होते. तांबड्या फेट्यांविरुद्ध सरकारने हाक्का लोकांची पथके वापरली. त्यातून मूळ रहिवासी आणि हाक्का यांच्यात जी कत्तल सुरू झाली ती 1867 पर्यंत धुमसत राहिली. म्हणजे रक्ताचे सर्व डाग सुभेदाराच्या एकट्याच्या हातावर नाहीत. तक्रार करणारा, साक्ष देणारा, यादी बनवणारा, दोरी बांधणारा, असे अनेक हात त्यात आहेत. पण हीच गोष्ट सुभेदाराची जबाबदारी वाढवते. समाज सूडाने पेटलेला असताना ज्याच्याजवळ थांबा म्हणण्याचा अधिकार असतो, त्याचे मौन इतरांच्या मौनासारखे नसते. त्या क्षणी त्याच्या पदाचा खरा उपयोग तेवढाच असतो.

मिंगछनच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद करता येतो. महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्माच्या पाठोपाठ आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरण आहे, ते उगाच नाही. राज्य बुडू लागले असता नेहमीचे नियम पाळण्याचा आग्रह हा कधी कधी राज्य बुडवण्याचाच मार्ग ठरतो. नानकिंग पडले तेव्हा बंडखोरांनी तेथील मांचू वस्ती बायका-मुलांसह कापून काढली. कॅन्टन पडले असते तर तेथेही असेच घडले असते. अशा वेळी पन्नास अपराध्यांबरोबर पाच निरपराध मेले, तरी दहा लाखांच्या आसपासच्या शहराला वाचवणारा तो हिशेब आहे, असे कोणी म्हणेल. राज्यकर्त्याचे हात स्वच्छ राहू शकत नाहीत. ज्याला ते स्वच्छ हवेत त्याने राज्यकारभारात येऊ नये.

हा युक्तिवाद तत्त्वतः नाकारणे सोपे नाही. परंतु या प्रकरणात तो काळाच्या क्रमावर अडतो. आपद्धर्माची मर्यादा आपत्तीपुरती असते. नदीला पूर आला असता शेजाऱ्याचे दार मोडून त्यात आसरा घेणे क्षम्य आहे; पूर ओसरल्यावर दारे मोडत हिंडणे क्षम्य नाही. कॅन्टनचा वेढा 1855 च्या आरंभी मोडला होता आणि वधस्थान त्यानंतरच्या उन्हाळ्यात भरून वाहत होते. तटावर शत्रू असताना झालेली हत्या आणि शत्रू निघून गेल्यावर शांतपणे, रोजच्या रोज, यादीप्रमाणे झालेली हत्या, यांना एकच नाव देता येत नाही. दुसरीत शहराचे रक्षण उरलेले नव्हते. भय उरले होते, सूड उरला होता, आणि कामगिरी दाखवण्याची निकडही उरली होती. कारण बंडखोर किती मारले याची संख्या ही साम्राज्याच्या दप्तरात अधिकाऱ्याच्या गुणांचीच नोंद होती.

यानंतरची मिंगछनची कथा अधिक प्रसिद्ध आहे. म्हणून ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. 8 ऑक्टोबर 1856 रोजी ‘अॅरो’ नावाच्या जहाजावर चढून चिनी शिपायांनी चाच्यांच्या संशयावरून 12 खलाशांना पकडले. जहाजाचा मालक चिनी होता, नोंदणी हाँगकाँगची होती आणि तिची मुदत काही दिवसांपूर्वीच संपली होती. इंग्रज वकील हॅरी पार्क्सने माफी मागितली जावी असा हट्ट धरला. मिंगछनने अखेर खलाशी परत केले. माफी मात्र मागितली नाही. ऑक्टोबर संपण्यापूर्वी इंग्रजी आरमाराने शहरावर, आणि नेमक्या वेळाच्या अंतराने सुभेदाराच्या कचेरीवर, तोफा डागल्या. त्याने इंग्रजांच्या मुंडक्यांवर इनाम लावले. लंडनच्या संसदेत मार्च 1857 मध्ये या युद्धाविरुद्धचा ठराव 263 विरुद्ध 247 मतांनी संमत झाला. पंतप्रधान पामरस्टनने संसद विसर्जित केली आणि निवडणूक जिंकली. फ्रेंच मिशनरी शाप्दलेन याला ग्वांगशीमध्ये ठार मारल्याचे कारण घेऊन फ्रान्सही सामील झाला.

मधल्या वर्षभराची सवड कॅन्टनला मिळाली ती हिंदुस्थानामुळे. चीनकडे निघालेल्या लॉर्ड एल्गिनला सिंगापूर येथे कॅनिंगचे पत्र मिळाले. मेरठ आणि दिल्ली येथील उठावाची बातमी त्यात होती. चीनसाठीच्या पलटणी त्याने कलकत्त्याकडे वळवल्या आणि ‘शॅनन’ या युद्धनौकेचे नाविक आपल्या तोफांसह पुढे लखनौपर्यंत गेले. गंगेच्या खोऱ्यातील शिपायांनी नकळत पर्ल नदीवरच्या शहराचे मरण लांबवले. ती सवड मिंगछनने वापरली नाही, असा आक्षेप त्याच्यावर घेतला गेला. 28 डिसेंबर 1857 रोजी सहा हजारांहून कमी इंग्रज आणि फ्रेंच सैनिकांनी हल्ला केला, दुसऱ्या दिवशी तट पडला, आणि 5 जानेवारी 1858 रोजी कचेरीच्या मागच्या बाजूने निसटताना सुभेदार पकडला गेला. लोकांनी त्याच्यावर उपहासाची ओळ रचली. लढाई, तह, बचाव, मरण, शरणागती आणि पलायन यांपैकी काहीच त्याने केले नाही, असे तिचे सार होते. बादशहाने त्याला पदच्युत केले.

या निष्क्रियतेचा पुढे इतिहासकारांनी अधिक सहानुभूतीने विचार केला. इंग्रजांनी कॅन्टनच्या कचेरीतून नेलेली कागदपत्रे लंडनच्या दप्तरखान्यात राहिली. त्यांच्या आधारे जे. वाय. वाँग यांनी 1976 मध्ये मिंगछनच्या सुभेदारीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दिसणारा माणूस आळशी नाही. तो कष्टाळू आणि दक्ष आहे. त्याच्याजवळ सैन्य उरलेले नाही, कारण ते बंडांशी लढण्यात गुंतले आहे. पैसा उरलेला नाही, कारण तो उत्तरेकडे पाठवला गेला आहे. आणि दरबार त्याला एकाच वेळी झुकू नको आणि भांडणही काढू नको असे सांगत आहे. हा न्याय त्याला मिळाला हे योग्यच झाले. तथापि येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. बादशहाचा दोषारोप, लोकांचा उपहास आणि अभ्यासकांचा बचाव, या तिन्हींचा मुख्य विषय 1857 चा पराभव आहे. तो लढला का, पळाला का, त्याला लढणे शक्य होते का, हे तिन्हींना महत्त्वाचे वाटते. 1855 चा विजय मात्र बाजूला पडतो. पराजयाबद्दल माणसाला जाब विचारण्याची जगाला सवय आहे. विजयाबद्दल जाब विचारण्याची नाही.

इंग्रजांनी तो विचारला, असे वरवर वाटते. त्यांच्या वृत्तपत्रांनी मिंगछनला राक्षस ठरवले. पण त्यांचा तराजूही खरा नव्हता. ‘इन्फ्लेक्सिबल’ नौकेतून मार्च 1858 मध्ये हा कैदी कलकत्त्यास उतरला, त्याच महिन्यात लखनौ पडले. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये पेशावरला 40 शिपाई तोफेच्या तोंडी दिले गेले होते. अलाहाबादच्या आसपास कर्नल नीलच्या माणसांनी गावकऱ्यांना झाडांवर टांगले होते. मिंगछनला प्रथम फोर्ट विल्यममध्ये ठेवले. त्याच किल्ल्यात अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह जून 1857 पासून स्थानबद्ध होता. बंडाच्या एकाच वर्षात राज्य गमावलेला नवाब आणि सुभा गमावलेला सुभेदार एका तटाआड होते, आणि तटाबाहेर त्यांना पकडणारे स्वतः बंड मोडण्याच्या कामी गुंतले होते. ज्या कृत्यांमुळे मिंगछन रानटी ठरला, त्याच कृत्यांना गंगेच्या काठी न्याय हे नाव होते.

पण याच कलकत्त्यात एक प्रतिउदाहरणही होते. 31 जुलै 1857 रोजी, दिल्ली अजून हाती आलेली नसताना, गव्हर्नर जनरल कॅनिंगने एक फर्मान काढून सरसकट फाशी देण्याला आळा घालण्याचा प्रयत्न केला. प्रत्यक्ष खून-बंडात सामील असलेला शिपाई आणि नुसता पलटण सोडून घरी गेलेला शिपाई यांत फरक करावा, असा त्याचा रोख होता. कलकत्त्याच्या गोऱ्या समाजाने त्याला ‘दयाळू कॅनिंग’ असे नाव दिले, आणि ते शिवीसारखे वापरले. कॅनिंग संत नव्हता. त्याच्या राज्यातील अत्याचार त्या फर्मानाने थांबले नाहीत. मात्र एवढे सिद्ध होते की, संकट शिगेला पोहोचलेले असतानाही अपराधी आणि निरपराध यांत भेद करण्याचा आग्रह धरणे मनुष्याला अशक्य नसते. त्यासाठी आपल्याच माणसांचा उपहास सोसावा लागतो. मिंगछनने परक्यांचा तिरस्कार सोसला, कैद सोसली, भूक सोसली. आपल्याच माणसांचा राग ओढवून घेण्याचे हे दुसऱ्या जातीचे धैर्य त्याच्या कारकिर्दीत आढळत नाही.

टॉलीगंजच्या मुक्कामात तो दुभाष्याकडून वृत्तपत्रे समजून घेई, लिहीत असे, चित्रे काढीत असे. आपल्या लेखनाखाली त्याने स्वतःला समुद्रावरचा सू वू असे म्हणवले. सू वू हा हान बादशहाचा वकील. इसवी सनापूर्वी 100 या वर्षी तो उत्तरेकडील श्योंगनू टोळ्यांकडे गेला. त्यांनी त्याला अडकवून ठेवले आणि दूरच्या थंड प्रदेशात मेंढ्या राखायला लावले. 19 वर्षे त्याने मेंढ्या राखल्या, पण वकिलातीचा दंड हातातून सोडला नाही. त्यावरचे केस झडून गेले तरी नाही. चिनी परंपरेत निष्ठेची मूर्ती म्हणून त्याचे स्थान अढळ आहे. कैदेत पडलेल्या सुभेदाराला हा मेंढपाळ जवळचा वाटावा हे स्वाभाविक होते.

परंतु ज्या ग्रंथांची परीक्षा देऊन तो सुभेदार झाला, त्यांत दुसराही एक मेंढपाळ आहे. मेन्शियसच्या ग्रंथात फिंगलू येथील एका अधिकाऱ्याची गोष्ट येते. मेन्शियस त्याला विचारतो की, पहाऱ्यावरचा शिपाई एका दिवसात तीन वेळा जागा सोडून गेला तर त्याला ठेवशील काय? अधिकारी उत्तरतो की, तिसऱ्या वेळेची वाटही पाहणार नाही. मग मेन्शियस त्याच्या मुलखात दुष्काळाने मेलेल्या म्हाताऱ्यांची आणि परागंदा झालेल्या तरुणांची आठवण देतो. ते माझ्या हातात नव्हते, असे अधिकारी म्हणतो. तेव्हा मेन्शियस गुरा-मेंढरांचा दाखला देतो : दुसऱ्याची जनावरे सांभाळायला घेतली आणि त्यांच्यासाठी कुरण मिळाले नाही, तर ती मालकाला परत करावीत, की ती मरताना पाहत उभे राहावे? अधिकारी उत्तर टाळत नाही. अपराध आपला आहे, असे तो कबूल करतो. मेन्शियसने हे राजाला सांगितले तेव्हा राजानेही स्वतःचा दोष मान्य केला.

हे दोन मेंढपाळ एकमेकांचे विरोधी नाहीत. पण त्यांची परीक्षा वेगळी आहे. सू वूच्या मेंढ्या शत्रूच्या होत्या. त्यांचे काय झाले हे कोणी विचारीत नाही, त्याची नजर दूरवरच्या धन्याकडे लागलेली आहे आणि हातातला दंड ही त्याची खूण आहे. मेन्शियसच्या दाखल्यात हातात काय आहे याला महत्त्वच नाही. जनावरे जिवंत आहेत की मेली, एवढेच पाहिले जाते. मिंगछन पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. त्याने दंड सोडला नाही. दुसऱ्या परीक्षेचा प्रश्न त्याला तरुणपणापासून पाठ असणार. पण त्याने तो स्वतःला विचारल्याची खूण त्याच्या कारकिर्दीत दिसत नाही.

येथे मिठाच्या प्रश्नाकडे परत यावे लागते. सुभेदाराचा पगार बादशहाच्या नावाने येत असे, पण तो जमा होत असे जमीनमहसुलातून आणि करांतून. म्हणजे ज्यांच्या भातशेतीवर आणि नावांवर कर बसवला गेला होता, त्यांच्याच घामातून. वधस्थानावर ज्यांची मान खाली गेली त्यांतील कित्येकांनी हा कर भरलेला होता. मीठ त्यांचे होते. टॉलीगंजमध्ये परक्याच्या मिठाला नकार देताना मिंगछनने बादशहाच्या मिठाला जागण्याची शर्थ केली; मात्र बादशहा हा त्या मिठाचा वाटप करणारा होता, पिकवणारा नव्हता. सेवकाची निष्ठा वाटणाऱ्यापाशी थांबली की पिकवणारा तिच्या कक्षेबाहेर पडतो, आणि मग त्याला मारणे हेही निष्ठेचेच काम वाटू लागते.

म्हणून प्रायोपवेशन आणि प्रायश्चित्त यांत फरक केला पाहिजे. दोन्हींत उपवास असू शकतो, दोन्हींत देह झिजतो. पण प्रायश्चित्ताला आधी कबुली लागते. कोणाचे काय केले ते उच्चारावे लागते. मिंगछनच्या अखेरच्या उपवासात परक्यांना नकार होता, कबुली नव्हती. त्याने आपल्या अपमानाचे निवारण केले. ज्यांच्यावर अन्याय झाला ते त्या अपमानाच्या गोष्टीत कुठेच नव्हते. स्वतःचा प्राण ही माणसाजवळची सर्वांत मोठी वस्तू खरी, परंतु तीसुद्धा ज्याची त्यालाच परत करता येते. इतरांच्या प्राणांचे देणे तिने फिटत नाही.

या निवाड्याने मिंगछनचे धैर्य खोटे ठरत नाही. तो लाचखाऊ म्हणून किंवा फितूर म्हणून ओळखला गेला नाही. शत्रूच्या हातात पडल्यावर त्याने दीनवाणेपणा दाखवला नाही. साम्राज्याने त्याला जे शिकवले, ज्यासाठी किताब दिला आणि ज्यासाठी इतरांना मृत्युदंड फर्मावला, ते त्याने इमानाने केले. त्याची शोकांतिका हीच आहे आणि ती त्याच्या एकट्याची नाही. जेथे जेथे राज्ये बंड मोडतात तेथे तेथे असे कर्तव्यदक्ष अधिकारी आढळतात. वरच्या दप्तरात त्यांचे पान स्वच्छ असते. फिंगलूचा तो अधिकारी त्यांच्याहून लहान पदावरचा होता आणि त्याच्या हातून कोणाची मान उडाली नव्हती. केवळ माणसे उपाशी मेली होती. तरीही विचारणारा समोर उभा राहिला तेव्हा, आपल्या हातात काही नव्हते हे उत्तर त्याने मागे घेतले. 75,000 या आकड्याच्या बाजूला ठेवून पाहिले म्हणजे त्या लहानशा कबुलीचे वजन कळते.